नाट्यमंडळाचा इतिहास लिहायचाय? आधी किर्द शोधा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नाशिक जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी तुमचं हौशी नाट्यमंडळ आहे. पगारी माणूस एकही नाही. पन्नाशी तोंडावर आली आहे आणि स्मरणिकेसाठी मंडळाचा इतिहास लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. कागदपत्रं फारशी नाहीत, ज्येष्ठांपैकी प्रत्येक जण वेगळं सांगतो, नोंदणीपत्रावरचं साल आणि लोकांच्या तोंडचं साल यांत पाच वर्षांचं अंतर आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही हळूच विचारलंय: संस्थापक म्हणून दोन घरांचा दावा आहे, त्याचं काय करू?

मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न ही शेवटची ओळच आहे. माहिती कमी आहे ही अडचण दिसायला मोठी, पण ती फिरून-विचारून सुटते. कुणाला दुखवायचं नाही या धाकाने माणूस शेवटी नाटकांची यादी, अध्यक्षांची यादी आणि ‘अनेकांचे अमूल्य सहकार्य लाभले’ एवढं लिहून मोकळा होतो. अशा स्मरणिका माझ्याकडे कपाटभर आहेत. नाव बदललं तर कुठलीही कुठल्याही मंडळाची म्हणून खपेल.

मी बोलते कुठल्या अधिकाराने, तेही सांगते. मी नाशिकला बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी सत्तावीस वर्षं विंगेत प्रॉम्प्टर म्हणून, नटांना विसरलेली वाक्यं सुचवत उभी राहिले. अशा दोन मंडळांचे इतिहास लिहिलेत. एक शहरातलं, एक निफाडकडच्या द्राक्षपट्ट्यातल्या गावचं. पहिला लिहिताना भरपूर चुका केल्या, दुसऱ्यात थोड्या कमी. बँकेतल्या सवयीने मला वह्या वाचता येतात, आणि माझ्या एकूण म्हणण्याचं मूळ तिथेच आहे.

आधी एक गोष्ट परिस्थितीवर सोडते. मंडळ सुरू करणाऱ्यांपैकी कुणी ऐंशीच्या पुढचे हयात असतील तर हे सगळं वाचायचं सोडा आणि उद्या त्यांच्याकडे जा. कागद थांबतात. तशी घाई नसेल तर मात्र आधी कागद गोळा करा आणि ते घेऊन माणसांकडे जा. रिकाम्या हाताने गेलात तर दर वर्षी वर्धापनदिनाला सांगून गुळगुळीत झालेला किस्साच ऐकायला मिळतो. हातात एक जुनं हँडबिल दिलंत की तोच माणूस चष्मा पुसतो आणि म्हणतो, ‘थांबा, हा प्रयोग झालाच नव्हता. पाऊस आला होता.’

कुठले कागद? लोक फोटो आणि मानपत्रं शोधतात. तुम्ही किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही शोधा. ती बहुधा खजिनदाराच्या घरी असते, मंडळाच्या कपाटात नसते. खजिनदार वारले असतील तर त्यांच्या मुलाकडे, माळ्यावर, लग्नातल्या भांड्यांच्या खाली. निफाडकडची वही मला लाल कापडी बांधणीची, वाळवीने एक कोपरा खाल्लेली अशी मिळाली. पहिल्याच पानावर होतं: सुतळी व टाचण्या. चहा, रंगीत तालीम. ड्रेपरी भाडे व परत पाठवणी. पेट्रोमॅक्स मॅण्टल दोन. आणि त्याखाली दर वर्षी न चुकता दोन ओळी: ‘स्त्री पात्र मानधन’ आणि ‘स्त्री पात्र व सोबतचे येणेजाणे, एस.टी.’

त्या काळी बहुतेक गावांत असंच होतं. गावातली बाई स्टेजवर उभी राहणं शक्य नव्हतं, म्हणून नाशिकहून नाहीतर मुंबई-पुण्याहून मानधन देऊन अभिनेत्री आणायची. ती दोन दिवस आधी येणार, सोबत आई नाहीतर भाऊ, आणि तोवरच्या सगळ्या तालमींत तिची वाक्यं कुणीतरी मिशीवाला वाचणार. वही चाळत गेले आणि एका वर्षी त्या दोन्ही ओळी गायब झाल्या. पुढच्या वर्षीही नाहीत. मला वाटलं पान फाटलं असेल. पानं तर सलग होती.

ज्येष्ठांना विचारलं तर म्हणाले, ‘हां, त्या शाळेतल्या बाई आल्या ना तेव्हा.’ एवढंच. पन्नास मिनिटांच्या गप्पांत जे आलं नव्हतं ते दोन ओळींच्या नसण्यातून बाहेर पडलं. मग मी त्या बाईंना भेटले. त्यांनी सांगितलं की त्यांनी होकार दिला तो तीन अटींवर. तालीम नऊला संपली पाहिजे, घरापर्यंत कुणीतरी सोडायला आलं पाहिजे, आणि सासूबाई तालमीला येऊन बसतील. सासूबाई खरंच येत. वाती वळत बसायच्या आणि संवाद चुकला तर मान हलवायच्या. देवळामागच्या खोलीत पत्ते आणि विड्या चालत, म्हणून तालीम शाळेच्या वर्गात हलली. शाळेत आली म्हणून आणखी दोन शिक्षिका आल्या. पुढची बारा-तेरा वर्षं त्या मंडळाने जी नाटकं निवडली त्यांत बायकांची कामं चांगली आहेत, आणि त्याचं कारण इथे आहे. आधीच्या तिन्ही स्मरणिकांमध्ये या बाईंचं नाव कलाकारांच्या यादीत पंधरावं-सोळावं होतं.

हे एवढ्या विस्ताराने सांगण्याचं कारण एकच. हौशी मंडळात बहुतेक कामं फुकट होतात, आणि फुकट झालेल्या कामाची नोंद किर्दीत होत नाही. त्यामुळे किर्द वाचताना खर्च काय झाला यापेक्षा एखादा खर्च कधी थांबला आणि कधी सुरू झाला हे बघा. खर्च थांबला म्हणजे फुकट करणारं कुणीतरी आलं. नवा खर्च सुरू झाला म्हणजे फुकट करणारं कुणीतरी गेलं. कोण आलं, कोण गेलं आणि का, एवढं शोधून काढलंत की तुमचा निम्मा इतिहास झाला.

उलट बाजूचं उदाहरणही त्याच वहीतलं. मंडळ पूर्वी राज्य नाट्य स्पर्धेत नेमाने उतरायचं. ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, आणि जिल्ह्यातल्या हौशी मंडळींचं सगळं वर्ष तिच्याभोवती फिरायचं. नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात आपला नंबर कितवा, समोर परीक्षक कोण, आदल्या दिवशी कुणाचं नाटक पडलं, याच गप्पा. मग भाग घेणं एक वर्षाआड झालं, नंतर बंद. कारण विचारलं तर गावातला प्रत्येक जण म्हणाला, टीव्ही. टीव्ही हे उत्तर प्रत्येक गावात तयार असतं आणि ते अर्धंच खरं असतं. किर्दीत मला दिसलं ते वेगळं. ज्या वर्षी भाग घेणं थांबलं त्याच्या दोन वर्षं आधीपासून ‘सुतार मजुरी’ ही नवी ओळ आली होती. आणि देणग्या कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या होत्या.

म्हणजे पैसा वाढला, वेळ गेला. कुठे गेला? बागेत. प्राथमिक फेरी येते नोव्हेंबर-डिसेंबरात. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे पन्नास-साठ दिवस डावणी आणि भुरी या रोगांवरच्या फवारण्यांचे, ढग दिसला की पोटात गोळा. पूर्वी ज्वारी-बाजरी करणारा जो माणूस दिवाळीनंतर संध्याकाळी मोकळा असायचा आणि फळ्या ठोकून सेट उभा करायचा, त्याच माणसाने बाग लावली आणि तो रात्री पंपापाशी. मंडळावरचं प्रेम आटलं नव्हतं, म्हणून तर पावती मोठी फाडायचा. फक्त हात उरले नव्हते, मग सुतार लावला. हे मी लिहिलं तेव्हा एक बागायतदार म्हणाले, ‘आम्हाला तर इतकी वर्षं वाटत होतं की आम्हीच आळशी झालो.’

तुमच्या गावात द्राक्ष नसेल, कांदा असेल, डाळिंब असेल, नाहीतर निम्मं गाव सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टला जात असेल. शिफ्टच्या गावात तालमीचं गणित आणखी वेगळं, तिथे नायक दर तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळीला. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत ही मंडळी वेगळी उतरत, त्यामुळे तुमच्या मंडळाचे काही कलाकार तिकडच्या फोटोंतही सापडतील. कुठलं पीक, कुठली पाळी, कुठली यात्रा हे तुम्हाला माहीत. मला म्हणायचंय ते इतकंच की मंडळाचा चढउतार नाटकात शोधण्याआधी गावाच्या कॅलेंडरात शोधा.

आता वही सापडलीच नाही तर? तेही होतं. मग खालचे कागद कामाला येतात, पण प्रत्येकाचा एक स्वभाव आहे.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली तुमच्या मंडळाची फाइल सगळ्यांत भरवशाची. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करायला निदान सात जण लागतात, आणि अर्जासोबतच्या कागदावर पहिल्या कार्यकारिणीची नावं, पत्ते आणि व्यवसाय लिहावे लागतात. तो व्यवसायाचा रकाना नीट बघा. शिक्षक, शिंपी, टपाल कर्मचारी, किराणा दुकान, शेती असं काहीतरी असेल. मंडळ कुणी काढलं याचं उत्तर भाषणांत मिळतं त्यापेक्षा तिथे स्वच्छ मिळतं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हौशी मंडळं तो देत नाहीत, आणि मग दहा-पंधरा वर्षांनी एकदम चार बदल अर्ज एका दिवशी दाखल होतात. म्हणून त्या तारखांवर विसंबून ‘अमुक साली अध्यक्ष बदलले’ असं लिहू नका. ती वकिलाकडे जायला वेळ मिळाल्याची तारीख असते. प्रमाणित नकला मागता येतात, अर्जात नोंदणी क्रमांक अचूक लिहा आणि दोन-तीन चकरांची तयारी ठेवा.

दुसरा कागद म्हणजे संहिता. प्रॉम्प्टरची प्रत मिळाली तर सोनंच. माझ्या प्रतींच्या समासात काय काय आहे ते आठवून हसू येतं. ‘इथे शंभर मोजून वाक्य दे.’ ‘याला खोकला आला तर पुढे जा.’ एका प्रतीत दुसऱ्या अंकाच्या मध्यावर मोठ्या अक्षरात ‘वीज’ असं लिहिलंय. दिवे गेले आणि नायिकेने तेरा मिनिटं अंधारात स्वगत वाढवत नेलं, त्याची एवढीच खूण. संहितेला प्रयोगाची परवानगी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र जोडलेलं असेल तर त्यावर क्रमांक आणि तारीख असते. एक लक्षात ठेवा. व्यावसायिक रंगभूमीवर आधी गाजलेलं नाटक असेल तर ते प्रमाणपत्र मूळ निर्मात्याने घेतलेलं असू शकतं, म्हणजे तुमचा प्रयोग त्या तारखेनंतरचा, इतकंच कळतं. नाटक तुमच्याच गावच्या लेखकाचं असेल तर मात्र ती तारीख तुमची.

हँडबिलं छापणाऱ्या प्रेसमध्ये चौकशी करा. जुने ट्रेडल छपाईयंत्रवाले प्रत्येक कामाची एक नमुना प्रत तारेत ओवून ठेवत. हँडबिलावर तिथी आणि वार असतो, साल नसतं. वैताग येतो खरा, पण तिथी-वाराचा मेळ जुन्या पंचांगांशी घातला की मोजकीच सालं उरतात. कुणाच्या पाकिटात, पोथीत, फ्रेमच्या मागे तिकिटाचं अर्धुक सापडलं तर त्यावर करमणूक कराचा शिक्का बघा. तो कर २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर वेगळा असा राहिला नाही.

वर्तमानपत्रांची कात्रणं मी जपून वापरते. शहरातल्या प्रयोगाची जाहिरात येते, गावातल्या प्रयोगाची बातमी येते. आणि ती लिहिणारा गावचा वार्ताहर बहुतेक वेळा मंडळाचाच सभासद असतो, कधी तर त्याच नाटकातला खलनायक. ‘रसिकांची मने जिंकली’ हे तुम्हाला प्रत्येक कात्रणात मिळेल. त्यातून तारीख आणि स्थळ घ्या, बाकीचं सोडून द्या.

माझी स्वतःची मोठी चूक इथे सांगते. शहरातल्या मंडळाचा इतिहास लिहिताना एका नटाला राज्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक मिळालं असं तिघांनी, वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या दिवशी सांगितलं. तीन साक्षी जुळल्या म्हणून मी छापलं. प्रकाशनानंतर महिन्याने त्या नटाच्या मुलीने घरातलं प्रमाणपत्र आणून दाखवलं. रौप्यपदक नव्हतं, अभिनयाचं गुणवत्ता प्रमाणपत्र होतं, आणि नाटकही वेगळं होतं. मग कळलं की त्या तिघांनीही ते एकाच सत्काराच्या भाषणात ऐकलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारते, ‘तुम्ही तिथे होता का, की ऐकलंत?’ प्रश्न उद्धट वाटतो. दुसऱ्या कपाच्या चहानंतर विचारला तर चालतो.

माणसांशी बोलण्याबद्दल अजून थोडं, कारण तुम्ही लिहिलंय की प्रत्येकजण वेगळी सालं सांगतो. सांगणारच. ‘कोणत्या साली?’ हा प्रश्नच विचारू नका. आपल्याकडे लोकांच्या आठवणी सालावर टांगलेल्या नसतात. ‘बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर?’ असं विचारा. एकोणसत्तरचा गोदावरीचा पूर, आणीबाणी, रविवारी सकाळी टीव्हीवर रामायण लागायचं ते दिवस. नाशिककरांना तर सिंहस्थासारखी खुंटी दुसरी नाही: १९८०, १९९१-९२, २००३-०४, २०१५-१६. ‘त्या वर्षी कुंभमेळ्यामुळे एस.टी. मिळेना, सेट ट्रॅक्टरने आणला’ असं कुणी म्हणालं की तुमचं काम झालं. बायकांना मुलांची वयं विचारा. ‘थोरली तेव्हा मांडीवर होती, मी विंगेतून पाळणा हलवत होते,’ यातून साल महिन्यासकट निघतं.

भेटायला एकटे जा. कार्यकारिणीचे तिघे सोबत घेऊन गेलात तर समोरचा माणूस सत्काराला उत्तर द्यायच्या आवाजात बोलतो. मोबाइलवर रेकॉर्डिंग करताना विचारून करा. आणि नट-दिग्दर्शकांवरच थांबू नका. दिवे सांभाळणारा, दर वर्षी खुर्च्या मांडणारा, केसांचे टोप लावणारा, नांदीला पेटी वाजवणारा, ज्यांच्या ओसरीवर तालमी झाल्या त्या घरातली सून. त्या सुनेला माहीत असतं की रोज किती कप चहा लागायचा, आणि कोण दुधाचे पैसे कधी देत नव्हतं.

एक नाजूक मुद्दा आहे तो टाळत नाही. तालमी वाड्यात व्हायच्या तेव्हा गावातल्या कुणाला त्या वाड्यात सहज येता येत होतं आणि कुणाला नव्हतं, हेही विचारा. हलगी वाजवायला बोलावलेला माणूस चहा कुठे प्यायचा? कलाकारांच्या यादीत एखाद्या वस्तीतलं पहिलं नाव कोणत्या वर्षी आलं? स्मरणिकेत हे कसं आणि किती मांडायचं ते तुमच्या गावच्या हवेवर आहे, मी दुरून सांगणार नाही. माहिती मात्र गोळा करून ठेवा. निफाडकडे मी दोनच वाक्यं लिहिली होती, पण ती काढा असं कुणी म्हणालं नाही.

काय लिहू नये यावरही माझी ठाम मतं आहेत. पहिलं पान विष्णुदास भाव्यांवर खर्च करू नका. १८४३, सांगली, सीतास्वयंवर हे वाचणाऱ्याला शाळेपासून पाठ आहे आणि तुमच्या मंडळाशी त्याचा संबंध ओढूनताणूनच लागतो. दुसरं, आपल्या जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक मंडळाच्या इतिहासात ‘तात्यासाहेब शिरवाडकर आमच्या उद्घाटनाला आले होते’ किंवा ‘कानेटकर सरांनी आमची तालीम पाहिली’ हे वाक्य असतं. दोघेही नाशिककर, त्यामुळे काही ठिकाणी ते खरं असणारच. तुमच्याकडे फोटो, पत्र, निमंत्रणपत्रिका, निदान अभिप्रायवहीत सही असेल तर अभिमानाने छापा. नसेल तर ‘अशी आठवण अमुक यांनी सांगितली’ असं लिहा आणि सांगणाऱ्याचं नाव द्या.

यावरून एक विषयांतर. नाशिकच्या रंगभूमीवरची कुणालाही तोंडपाठ असलेली तारीख कुठली? २१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या ती रात्र. नाट्यगृह, नाटक, तारीख सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण पुढे खटला चालला आणि कागद झाले. त्याच नाट्यगृहात आदल्या आठवड्यात कुठलं नाटक झालं आणि तिथे पडदा ओढणारा कोण होता, हे सांगा बघू. तुमच्या मंडळावर सुदैवाने खटला झालेला नाही, तेव्हा कागद तुम्हालाच करावे लागणार.

फुटीबद्दल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पन्नास वर्षांत एकदा तरी मंडळ फुटलं असणारच. ती लपवू नका, नाहीतर मधली तीन वर्षं कोरी का गेली याचं उत्तर वाचणारा स्वतःच रचतो आणि ते तुमच्यापेक्षा वाईट असतं. इतिवृत्तातला ठराव जसाच्या तसा द्या, दोन्ही बाजूंचं एकेक वाक्य त्यांच्याच शब्दांत द्या, विशेषणं एकही नको. बहुतेक फुटींच्या मुळाशी दोनच गोष्टी मी पाहिल्यात: प्रमुख भूमिका कुणाला, आणि बक्षिसाच्या पैशांचं काय करायचं. तत्त्वाचे मतभेद नंतर सुचतात.

थोडक्यात आतापर्यंतचं: वयस्कर माणसं असतील तर आधी ती, नाहीतर आधी किर्द आणि धर्मादायची फाइल, मग हँडबिलं-संहिता, मग ते सगळं घेऊन माणसं. आणि प्रत्येक माहितीपुढे ती कुठून आली हे पेन्सिलीने लिहून ठेवा.

आता तुमची शेवटची ओळ: साल आणि संस्थापक.

साल दोन असतील तर दोन्ही छापा, कशाचं कुठलं ते सांगून. पहिला प्रयोग अमुक साली, नोंदणी अमुक साली. हौशी मंडळं नोंदणीपासून जन्माला येत नाहीत. कुठल्यातरी गणेशोत्सवात नाहीतर यात्रेत पाच-सहा पोरं एकत्र येऊन नाटक करतात, ते बरं होतं, पुन्हा करतात. मग शिल्लक पडते किंवा कुणी मोठी देणगी देऊ करतं, बँकेत खातं उघडायची वेळ येते, आणि बँकेतली माझ्यासारखी कुणीतरी म्हणते, ‘नोंदणीपत्र आणि ठराव आणा.’ तेव्हा नोंदणी होते. माझ्या टेबलावरून अशी दोन मंडळं रजिस्टर व्हायला परत गेली आहेत. म्हणून पाच वर्षांचं अंतर ही चूक धरू नका, ती पाच वर्षं हाच तुमच्या इतिहासाचा पहिला भाग आहे. पन्नासावं वर्ष कुठून मोजायचं हे कार्यकारिणीने ठरवावं. मी पहिल्या प्रयोगापासून मोजते.

संस्थापकाचं म्हणाल, तर तो शब्दच वापरू नका. दोन घरांपैकी एका आजोबांनी नाटक बसवलं असेल आणि दुसऱ्यांनी जागा आणि पैसे दिले असतील, माझ्या अनुभवात भांडण साधारण याच्यावर असतं आणि दोघांचंही खरं असतं. कुणी काय केलं ते क्रियापदाने लिहा. ‘यांनी नाटक निवडलं आणि बसवलं. पहिल्या तीन वर्षांच्या तालमी यांच्या वाड्यात झाल्या आणि कंदिलाचं तेल त्यांच्याकडून आलं. नोंदणीच्या अर्जावर या अकरा जणांनी सह्या केल्या.’ अकराही नावं द्या, अर्जावरच्या क्रमाने, व्यवसायासकट. दोन्ही घरांत शोधा, त्या अकरांत दोघांचीही नावं असण्याची शक्यता बरीच आहे. नसली तरी वाड्याचं आणि तेलाचं वाक्य आहेच.

छापायच्या निदान दीड महिना आधी कच्चा मसुदा काढा. या दोन्ही घरांत एकेक प्रत, शाळेतल्या एखाद्या जुन्या बाई असतील तर त्यांना एक, आणि दिवेवाल्याला एक. स्वतः नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर नको, तिथे लगेच ग्रुपवर फिरतो. सोबत पेन्सिल द्या. पेन दिलंत तर लोक खोडतात, पेन्सिल दिलीत तर समासात लिहितात. आणि आठवड्याने प्रत परत आणायला जाल तेव्हा फोन चार्ज करून जा, कारण खरं बोलणं त्या दिवशी सुरू होतं.